नेपाळमध्ये मुलांसोबत व्हॉलंटिअरिंग : सोलापूरच्या एका शिक्षिकेचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. चार कशाचे आणि एक का कापला ते दोन्ही सविस्तर लिहिते, कारण शाळा सुरू झाल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतायत, कुणी डीएडच्या मुली आहेत, कुणी रिटायर झालेल्या बाई आहेत, आणि प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिलेलं बरं. संस्थेचं नाव देत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि ती मी त्यांना मेलवर कळवलेली आहे. तसंही तुम्ही कुठल्याही संस्थेतून जा, तपासायच्या गोष्टी याच आहेत.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत पहिली दुसरीला शिकवते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३, ४४ ला जातो आणि शाळांना सुट्टी असते. नेपाळमध्ये उलट आहे, त्यांचं नवीन वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, वैशाखात, आणि शाळेचं सत्र पण तेव्हाच. म्हणजे आपली सुट्टी आणि त्यांची नवी सुरुवात एकाच वेळी येते, शिक्षकांसाठी हे लई सोयीचं आहे आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. पटनोंदणीसाठी आपण जून आधी घरोघर फिरतो ना, तसंच तिथे भर्ना अभियान चालतं, मी पोचले तेव्हा हेडसर अजून एकदोन घरी जाऊन पोरं गोळा करत होते आणि मला बघताबघता वाटलं की अरे हे तर आपलंच चाललंय.

प्रवास सांगते. सोलापूरहून सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे, पुण्याहून गोरखपूरची गाडी, गोरखपूरहून बसने सोनौली बॉर्डर, पलीकडे भैरहवा, मग बुटवल, पाल्पा करत सिद्धार्थ राजमार्गाने पोखरा. विमानाने काठमांडूला जाता येतं पण मला खर्च झेपणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर रस्त्याने गेलं की मैदान संपून डोंगर कुठे सुरू होतो ते कळतं. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र ओरिजिनल न्या, आधार कार्डावर भरोसा ठेवून बॉर्डरवर जाऊ नका, १५ ते ६५ वयाच्या माणसांना ते चालत नाही. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०, हा दर बांधलेला आहे. घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. आणि सुट्टी शनिवारी असते, रविवारी शाळा भरते, माझं डोकं शेवटपर्यंत रविवारी सकाळी उशिरा उठायला बघत होतं.

आता मुख्य मुद्दा, प्रोग्रॅम कसा निवडला. सुरुवातीला मी एका एजन्सीला फोन केला होता. ते म्हणाले मॅडम अनाथाश्रम आहे, लहान लहान मुलं आहेत, तुम्ही फक्त प्रेम द्यायचं, खेळायचं, फोटो काढा, कधी पण या. मी विचारलं पोलीस व्हेरिफिकेशन कुठलं लागेल, तर म्हणे त्याची काही गरज नसते. मी फोन ठेवला. अहो आमच्या शाळेत डबा द्यायला येणाऱ्या माणसाला पण गेटवर नाव लिहावं लागतं आणि इथे कुणीही परका माणूस येऊन मुलांच्या खोलीत राहणार?

नंतर वाचलं आणि झोपच उडाली. नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कधी कधी दोघंही, जिवंत असतात. खेड्यातल्या आईबापाला सांगतात की शहरात इंग्लिश शिक्षण देतो, मूल घेऊन जातात, आणि मग तेच मूल पर्यटकांना अनाथ म्हणून दाखवतात. ही गृहं पण जास्त करून कुठे आहेत तर काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्याच्या कास्की जिल्ह्यात, चितवनमध्ये, म्हणजे जिथे परदेशी माणसं फिरायला येतात तिथे. खरंच गरज म्हणून असती तर दुर्गम जिल्ह्यात नसती का? २०१५ च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतर तर युनिसेफने उघड इशारा दिला होता की अशा ठिकाणी व्हॉलंटिअर म्हणून जाऊ नका, त्यानेच मुलांची तस्करी वाढते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पण बालहक्कांच्या ठरावात हा विषय घेतला. हे सगळं मी इथे मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडून जाणारे लोक चांगल्या मनाने जातात, पुण्य म्हणून पैसे देतात, आणि तो पैसा नेमका कुठे जातो ते कुणी सांगत नाही.

डीएडला बालमानसशास्त्रात जॉन बोल्बी शिकलो होतो आम्ही, त्या ब्रिटिश डॉक्टरने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी घरापासून तुटलेल्या मुलांवर अहवाल केला होता. लहान मुलाला एक कायमचं माणूस लागतं. दर महिन्याला नवीन ताई येणार, कुशीत घेणार, रडत रडत जाणार, मग दुसरी येणार, हे मुलाच्या जिवाशी खेळणं आहे. मोठ्यांना दोन दिवस वाईट वाटतं आणि ते घरी जातात, मुलाला मात्र दरवेळी पुन्हा नव्याने तुटायचं असतं.

म्हणून मला जो प्रोग्रॅम आवडला तो असा होता : मुलं आपापल्या घरी राहतात, सरकारी सामुदायिक शाळेत येतात, वर्ग तिथल्याच शिक्षिकेचा असतो आणि व्हॉलंटिअर तिच्या हाताखाली काम करतो. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं, दोन लोकांकडून शिफारस मागितली, आणि व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली ज्यात त्यांनी चक्क विचारलं की एखादं मूल तुम्हाला सोडतच नसेल तर काय कराल. मला हा प्रश्न फार आवडला. वर्गात एकट्याने मुलांसोबत राहायचं नाही, मुलाला वेगळं गिफ्ट द्यायचं नाही, फोटो शाळेच्या परवानगीशिवाय नाही आणि स्टेटसला तर अजिबात नाही, मुलांचे नंबर घ्यायचे नाहीत. काही जणींना हे लई कडक वाटेल पण कडक आहे म्हणूनच मी विश्वास ठेवला. पहिला स्टार इथेच दिला.

शाळा पोखऱ्यापासून वर डोंगरात होती, जीपने जायचं आणि मग थोडं पायी. गुरुंग लोकांची घरं, थोडी विश्वकर्मा आणि परियार कुटुंबं. सकाळी आभाळ मोकळं असलं की समोर माछापुच्छ्रे उभा, ६९९३ मीटर, आणि पोरं त्याच्याकडे बघत पण नाहीत, आपली पोरं सिद्धेश्वर तलावाकडे बघत नाहीत तसंच. पट कमी आहे. गावं रिकामी होतायत, ज्याला जमेल तो पोखऱ्याला किंवा काठमांडूला जातो, पुरुष कतार, दुबई, मलेशियाला, आता बायका पण कुवेतला जातात. देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाव भाग बाहेरून येणाऱ्या पैशावर आहे. मुलं आजीकडे. पट कमी झाला म्हणून शाळा एकमेकांत मिसळतात, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचं जे चाललंय त्याहून काही वेगळं नाही.

वर्गाचं सांगायचं तर मी ज्या मॅडमच्या हाताखाली होते त्या एकट्या पहिली दुसरी तिसरी एकत्र सांभाळायच्या. मुलं घरी गुरुंग बोलतात, शाळेत नेपाळी, आणि पुस्तकं बरीचशी इंग्लिशमध्ये कारण सामुदायिक शाळांना पण आता इंग्लिश मिडियमची हवा लागलीय, नाहीतर पालक बोर्डिंग स्कूलला, म्हणजे खासगी शाळेला, घालतात. त्या मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं की मुलं वाचतात पण कळत नाही. मी म्हणलं मॅडम हे मला चांगलं माहिती आहे. आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड उर्दू, वर्गात मराठी, आणि बालभारतीचं पुस्तक पुढे ठेवून मूल गप्प बसलेलं असतं, त्याला येत नाही म्हणून नाही, त्याच्या घरातला एक पण शब्द त्या पानावर नाही म्हणून. इथे कन्ना चौकातल्या माझ्या वर्गात मी जे करते तेच तिथे केलं. वस्तू घ्यायची, आधी घरच्या भाषेत काय म्हणतात ते मुलांनीच सांगायचं, फळ्यावर दोन्ही लिहायचं, मग तिसरी भाषा. मॅडम नेपाळी लिहायच्या, गुरुंग मुलं सांगायची, मी चित्र काढायचे. तीन आठवड्यांत सगळी पोरं फाडफाड वाचायला लागली असं काही झालं नाही, होत पण नाही. पण भिंतीवर तीन भाषांचे तक्ते लागले, आणि ते तक्ते मॅडमच्या अक्षरात आहेत, माझ्या नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं कारण ते पुढे त्याच वापरणार आहेत.

लिपी आपलीच आहे त्यामुळे वाचायला अडत नाही. पण मी ल आणि श आपल्या पद्धतीने काढायचे आणि मुलं लगेच पकडायची. एक तिसरीतला मुलगा रोज उठून यायचा, माझ्या हातातून खडू घ्यायचा, माझा ल पुसायचा आणि त्यांचा ल काढून जागेवर जाऊन बसायचा, काही न बोलता, एकदम जबाबदारीने. ळ मात्र त्यांच्याकडे नाहीच, तो काढून दाखवला तर सगळा वर्ग तो गिरवत बसला, वह्यांच्या मागच्या पानांवर ळळळळ.

मधल्या सुट्टीत दिवा खाजा मिळतो, चिवडा चणे, कधी खीर, कधी जाउलो म्हणजे मऊ खिचडी. तो खाऊन पोरं अंगणात. डण्डीबियो म्हणजे आपला विटीदांडूच, आणि मुली गट्टा खेळतात, म्हणजे सागरगोटे, पाच खडे. एक मुलगी होती दुसरीतली, माझ्याशी बोलायचीच नाही, वर्गात पण मान खाली. मी एक दिवस पायरीवर बसून नुसते खडे घेतले आणि माझ्या आजीने शिकवल्या तशा एक्का दुक्का करत खेळायला लागले. ती लांबून बघत होती. तिक्क्याला माझा एक खडा सुटला आणि ती आली, समोर बसली, सगळे खडे गोळा केले, त्यातला एक फेकून दिला कारण तो गोल होता, अंगणातून दुसरा चपटा शोधून आणला, फ्रॉकला पुसला आणि मग खेळ सुरू केला. गोल खडा उलट्या हातावर थांबत नाही, बरोबर आहे तिचं. त्यानंतर रोज सुट्टीत ती खडे घेऊन पायरीवर हजर, बोलणं तरी फार नाही, पण हजर.

लळा लागतो ओ. कितीही ट्रेनिंग द्या, लागतोच, आणि लागू नये असं मला वाटत पण नाही. आमाको मुख हेर्ने दिन म्हणजे त्यांचा आईचा दिवस त्यांच्या वैशाख अमावस्येला येतो, त्या दिवशी आईला गोड खाऊ घालतात, आशीर्वाद घेतात, आणि ज्यांची आई नाही ते मातातीर्थला जाऊन तिच्या नावाने स्नान करतात. मी जिथे राहत होते त्या घरची नात पाच वर्षांची, तिची आई कुवेतला. आजीने, त्यांना सगळे आमा म्हणतात मी पण आमाच म्हणायचे, सकाळी सेलरोटी केली, तांदळाच्या पिठाची तळलेली गोल गोड रोटी. नेटवर्क घराच्या मागच्या चौथऱ्यावरच येतं तर सगळे तिथे उभे. फोन लागला. पोरीने सेलरोटीचा तुकडा कॅमेऱ्याला लावला, आई पलीकडे तोंड उघडून खाल्ल्यासारखं करत होती आणि हसत होती, आणि त्या पोरीने तो तुकडा लगेच काढला नाही, आई चावून होईपर्यंत धरून ठेवला. मी तिथून बाजूला झाले कारण तो त्यांचा वेळ होता. संध्याकाळी ती माझ्या मांडीवर येऊन बसली तेव्हा मी घेतलं, पण थोड्या वेळाने आमाकडे दिली. मला जमलं नसतं जर आमा तिथे नसत्या तर. ती घरच्या माणसांत आहे, मी पाहुणी आहे, हे या प्रोग्रॅमने इतकं स्पष्ट ठेवलंय की जीव लावायला भीती वाटत नाही. अनाथाश्रमात हीच पोर माझ्या मांडीवर बसली असती आणि माझी बस सुटल्यावर तिला द्यायला कुणी नसतं. मला वाटतं कुठल्याही प्रोग्रॅमला जाण्याआधी एवढं एक विचारावं, मी गेल्यावर हे मूल कुणाजवळ असेल, त्याचं नाव सांगता येतं का.

राहणं जेवण एकदम छान. होमस्टेमधल्या दिदी सकाळी दहाच्या आधी पोटभर दाल भात तरकारी वाढतात, मग संध्याकाळी पुन्हा दाल भात. मध्ये कोदोचा म्हणजे नाचणीचा ढिंडो, घट्ट उकडीसारखा, आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. मी शेंगाची चटणी नेली होती ती आमांना इतकी आवडली की भातावर घेऊन घेऊन संपवली, कडक भाकरी मात्र त्यांना चावेना, दिदींनी ती डाळीत भिजवून पोरांना दिली. सोलापुरी चादर दिली ती त्यांनी अंगावर न घेता पाहुण्यांच्या पलंगावर अंथरली, मला तिच्यावरच झोपवलं. शनिवारी सगळं गाव पाण्याच्या धाऱ्यावर कपडे धुवायला, मी पण गेले, तिथल्या बायकांकडून जेवढं नेपाळी शिकले तेवढं ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये नाही शिकले. हिंदी बऱ्याच जणांना कळतं पण आपण हिंदीवर रेटू नये असं मला वाटतं, मुलांशी तर नाहीच.

भाषेवरून आठवलं. आपल्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, आम्ही दरवर्षी चौथीच्या मुलांना नेतो. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, युद्ध चालू होतं, चौघे परत आले आणि आपले सोलापूरचे कोटणीस तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं, चिनी भाषा शिकून तिच्यात विद्यार्थ्यांना शिकवलं, ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. त्यांची बरोबरी आपण कुणी करूच शकत नाही आणि मी करत पण नाही. पण इतकी वर्षं मुलांना त्यांची गोष्ट सांगताना मी त्यागावर जोर द्यायचे, आता यंदा सांगताना मी हे सांगणार आहे की ते डॉक्टर होते, तिथे डॉक्टर हवे होते, आणि आधी त्यांनी लोकांची बोली शिकली. व्हॉलंटिअर म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच म्हणणं आहे की तुम्हाला जे काम येतं तेच घेऊन जा. आमच्या ग्रुपमधली एक परदेशी मुलगी अकाउंट्सची होती, तिने मुलांना शिकवायचा हट्ट धरला नाही, शाळेच्या लायब्ररीचं रजिस्टर आणि खाजाचा हिशोब कॉम्प्युटरवर बसवून दिला, हेडसर तिचं नाव अजून काढत असतील.

आता कापलेला स्टार. फी महिन्याची ३८ हजार घेतली, राहणं जेवण पोखऱ्याहून जीप धरून, प्रवासखर्च वेगळा. रकमेबद्दल तक्रार नाही, हिशोबाबद्दल आहे. यातले दिदींच्या घराला किती, शाळेला किती, ऑफिसला किती हे मी जायच्या आधी विचारलं, तिथे विचारलं, आल्यावर मेल करून विचारलं. दरवेळी गोल गोल उत्तर आलं, फोटोंचं एक माहितीपत्रक आलं, आकडे आले नाहीत. आमच्या शाळेत शंभर रुपयांच्या खडूचं बिल ऑडिटला दाखवावं लागतं, मग मुलांच्या नावावर पैसे घेणाऱ्या संस्थेला चार आकडे लिहायला काय अडचण आहे? माझी खात्री आहे की हे लोक वाईट नाहीत, काम बघून आलेय मी. पण जे चांगलं काम करतात त्यांनी तर आधी दाखवायला पाहिजे, नाहीतर त्या अनाथाश्रमवाल्या एजन्सीत आणि यांच्यात फरक आहे हे बाहेरच्याला कळणार कसं.

दुसरं, ट्रेनिंगचे सगळे व्हिडिओ इंग्लिशमध्ये. मला चालून गेलं पण आपल्याकडच्या अंगणवाडीच्या ताई, बालवाडीच्या बाई, ज्यांना मुलं सांभाळण्याचा खरा अनुभव आहे, त्या तिथेच अडकणार. हिंदी तरी करा.

आणि निरोपाचा कार्यक्रम. शाळेने सयपत्रीच्या म्हणजे झेंडूच्या माळा घातल्या, टिका लावला, ते शाळेचं प्रेम आहे त्याबद्दल बोलत नाही. पण संस्थेच्या माणसाने मुलांना रांगेत उभं करून व्हिडिओ घेतला, स्वतःचाच फोटोचा नियम बाजूला ठेवून. मी आणि मॅडम दोघींनी तिथल्या तिथे सांगितलं, हेडसरांनी पण थांबवलं, आणि तो व्हिडिओ डिलीट केला. मुलांना मी आठवडाभर आधीपासून सांगत होते की अमुक वारी मी जाणार, मॅडम इथेच आहेत. वर्गातल्या कॅलेंडरवर, त्यांचं विक्रम संवताचं कॅलेंडर असतं, तो दिवस आम्ही मिळून रंगवला होता. त्यामुळे शेवटच्या दिवशी रडारड कमी आणि मिस चटणी परत आणा हेच जास्त चाललं होतं. गट्टावाली मुलगी मात्र त्या दिवशी सुट्टीत खेळायला आली नाही, मॅडमजवळ बसून राहिली. मॅडमजवळ बसली म्हणून मला बरं वाटलं.

कोण जाऊ नये तेही लिहिते. ज्यांना आठ दिवसांत फिरून फोटो काढून यायचंय त्यांनी पोखऱ्यात फेवा तालावर होडीत बसावं, सारंगकोटला सूर्योदय बघावा, खूप सुंदर आहे, शाळेत येऊ नये. मन खचलेलं असेल, घरात दुःख झालं असेल आणि मुलांत रमायचं म्हणून जायचं असेल तर आत्ता नको, मुलांवर ते ओझं टाकू नका. बाकी शिक्षक, नर्स, सुतारकाम प्लंबिंग येणारे, हिशोब येणारे, यांनी जरूर जावं.

फॉर्म जानेवारीतच भरा कारण पोलीस क्लिअरन्सला वेळ जातो आणि सत्र वैशाखात सुरू झालं की शाळेला मधेच माणूस आलेला नको असतो. मे संपता संपता दुपारनंतर पाऊस धरतो, पोखऱ्याजवळच्या लुम्लेला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या सोलापूरच्या माणसाला याची कल्पनाच येत नाही, तर रेनकोट, पूर्ण बंद बूट आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. शाळेसाठी वह्या रंग इथून ओझ्याने नेऊ नका, पोखऱ्यात महेंद्रपूलला सगळं मिळतं, तिथेच घ्या म्हणजे पैसा तिथल्या दुकानात जातो, आणि मॅडमना विचारून घ्या. मी पुढच्या मे साठी त्याच शाळेचा फॉर्म भरणार आहे, हेडसरांशी बोलणं झालंय. त्यांना सहावी ते आठवीला विज्ञानाचे प्रयोग करून दाखवणारं कुणीतरी हवंय, प्रयोगशाळेचं कपाट आहे पण कुलूपबंद, सामान वापरायला कुणाला येत नाही. आपल्याकडचे विज्ञानाचे कुणी सर किंवा मॅडम तयार असतील तर सांगा, हुतात्माची तिकिटं एकत्रच काढू.